वीतभर बाजूला

सावरखेडच्या बसमध्ये आता लोक सुईत दोरा ओवतात. मुक्ताबाई तर रोज सात-वीसच्या गाडीत ब्लाउजला हुक लावतात आणि उतरायच्या आधी दातांनी दोरा तोडून मोकळ्या होतात. गाडीला चालक नाही. उपग्रहांचे संकेत आणि रस्त्याकडेचे खांब यांच्या मदतीने तिचा ‘स्थानरेखक’ क्षणाक्षणाला तिची जागा बोटभर अचूकतेने ओळखतो आणि तिला मार्गिकेच्या अगदी मधोमध ठेवतो.

घोटाळा या मधोमधनेच केला. सगळ्या गाड्यांची सगळी चाकं त्याच दोन रेषांवरून धावत राहिली आणि सहा वर्षांत चांगल्या डांबरी रस्त्यावर बैलगाडीच्या वाटेसारख्या चाकोऱ्या पडल्या. पावसाळ्यात त्यांत पाणी साचणार आणि गाड्या घसरणार. महिनाभरात उपाय सापडला नाही तर पावसाळाभर बस बंद, असं देखभाल अभियंता रेवती ताटेला वरून कळवण्यात आलं. बस बंद म्हणजे चार गावांचं कॉलेज, दवाखाना, बाजार सगळंच अडणार. त्यांतलं एक गाव तिचं स्वतःचं होतं.

रेवतीने स्थानरेखकाला मन मानेल तसं थोडं इकडेतिकडे सरकायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी दोघांना उलट्या झाल्या आणि मुक्ताबाईंच्या बोटात सुई घुसली.

“बाई, गाडीला दारू पाजली का काय?” त्यांनी रेवतीला विचारलं.

रात्री जेवताना रेवतीने हे सांगितलं तेव्हा तिचे वडील, निवृत्त बसचालक अप्पा, हातातला घास तसाच ठेवून हसले. “म्हणजे माझं चुकत नव्हतं तर!”

स्थानरेखक येण्याआधी चालकांची चाचणी झाली होती. ‘गाडी वीतभर डुलते’ असा शेरा मारून अप्पांना खाली उतरवलं होतं. त्यानंतर ते बसमध्ये चढलेच नव्हते. आपण त्याच खात्यात नोकरी करतो याची रेवतीला आजवर लाज वाटत आली होती.

सकाळी तिने त्या चाचणीच्या नोंदी शोधून काढल्या. अप्पांचं डुलणं संथ होतं, पोटातलं पाणीही न हलवणारं, आणि प्रत्येक फेरीत निराळं. तिने चाकोऱ्या बुजवून घेतल्या आणि स्थानरेखकाला अप्पांच्या सगळ्या फेऱ्या शिकवल्या. तीन आठवडे रोज मोजमाप केलं. चाकांचा भार पसरला होता आणि नवी चाकोरी कुठेच धरत नव्हती. बस चालू राहणार होती.

मग ती अप्पांना घेऊन सात-वीसच्या गाडीत चढली.

“हल्ली कोण चालवतंय म्हणायचं? झोप यायला लागली,” मुक्ताबाई म्हणाल्या. अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

ओढ्यानंतरच्या सरळ रस्त्यावर गाडी हलकेच उजवीकडे सरकली. रेवतीने टॅब उघडला. “अप्पा, बाकी रस्त्यावर तिचं डुलणं दर फेरीत निराळं, पण इथं मात्र ती दर वेळी वीतभर बाजूला जाते. वळण नाही, खड्डा नाही. एवढी चूक काढून टाकते.”

“राहू दे गं. इथं कडेला शाळेची पोरं उभी असायची. अंगावर धुरळा नको त्यांच्या.”

“शाळा हलून पंधरा वर्षं झाली!”

“हाताला कुठं ठाऊक?” अप्पा म्हणाले. “त्या पोरांत तूपण असायचीस.”

रेवतीने टॅब मिटून पिशवीत टाकला. तिला एकदम फार बरं वाटलं आणि डोळेही भरून आले. कडेला नुसतं गवत होतं. अप्पा नसतील, ती नसेल, तेव्हाही इथून जाणारी प्रत्येक गाडी वीतभर बाजूला सरकेल. ती कुणासाठी सरकते, हे तेव्हा कुणाला माहीत असेल का?