गरम कुंडातला रावस

बळवंतांचे गुडघे धरले, तेव्हापासून त्यांची लेक मेघाली दर रविवारी त्यांना घिवलीहून सातिवलीच्या गरम कुंडांवर न्यायची. जन्मभर होडी घेऊन दर्यात गेलेला माणूस आता उंबराही भिंत धरून ओलांडायचा.

मेघाली पालघरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. ज्वालामुखीच्या मुलखातले सॅमन मासे तापलेल्या नद्यांत कसे तगतात, हा तिचा आवडता धडा. गार झऱ्यांचा आडोसा धरतात, हळूहळू अंगही बदलतं. पण त्याला पिढ्या लागतात, हे ती मुलांना बजावून सांगायची.

एका रविवारी दुपारी बळवंत सगळ्यात वरच्या कुंडाशी थबकले. तिथं कुणी उतरत नसे. काळ्या कातळातून वाफा निघत होत्या, गंधकाचा वास दाटला होता.

"मेघू, रावस हाय बघ."

"समुद्रातला मासा इथं कसा येईल, बाबा?"

पण रावसच होता. हातभर लांब, पाठ कातळासारखी काळी पडलेली. न लवणाऱ्या उघड्या डोळ्यांनी बुडबुड्यांमधून सावकाश फिरत होता. मेघालीनं बोट बुडवलं आणि चटका बसताच मागं ओढलं.

"सवय झाली हाय त्याला," बळवंत झोपेत बोलावं तसं म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी त्याच कुंडात पाय सोडले.

"बाबा, भाजेल!"

"गार हाय गं. आपल्या दर्यासारखं."

पायांवर साधा फोडही आला नाही. उलट गाडीपर्यंत ते काठीशिवाय चालत गेले. घरी उकळता चहा एका घोटात संपवून म्हणाले, "निवलाय."

मेघाली घाबरली. तिनं सातिवलीला जाणंच बंद केलं. बळवंत भांडले नाहीत. नुसते सुकत गेले. जेवण सुटलं, अंथरूण धरलं. डॉक्टरांना काही सापडेना. शेवटी तिनंच गाडी काढली.

ते तरण्या माणसासारखे वरच्या कुंडाच्या पायऱ्या उतरले. पाणी गळ्याशी आलं. रावस त्यांच्याभोवती फिरू लागला.

मग ते बुडाले.

पाणी हललंसुद्धा नाही.

मेघाली काठावरून हाका मारत राहिली. हात घातला की पोळत होता. घसा बसला, तेव्हा कुठं ते वर आले. धाप नाही, काही नाही. हसत होते.

"चल, घरी जाऊ."

तिनं त्यांचं तोंड पुसायला घेतलं. केसांतलं गरम पाणी कपाळावरून ओघळलं आणि उघड्या बुबुळावरून संथपणे खाली गेलं.

पापणी लवली नाही.