जॉर्जियाला पहिला नंबर

"पहिलं साफ दिसतंय की दुसरं?" दुर्गानं काच बदलत विचारलं.

खुर्चीतल्या तरुणानं अक्षरांवरची नजर काढून तिच्याकडेच वळवली. "एक मिनिट... हा आवाज मी ओळखतो. 'ग्वाल्हेरी अंदाज' तुमचाच ना?"

दुर्गाचा हात तसाच थांबला. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या या चष्म्याच्या दुकानात ती तीन वर्षं डोळे तपासत होती, आणि तितकीच वर्षं यूट्यूबवर, चेहरा न दाखवता, युरोपातल्या मोठ्या गीतस्पर्धेचे अंदाज सांगत होती. घरी याचा पत्ता नव्हता. फाळक्यांच्या मुलीनं मोबाइलवर तोंड दाखवायचं नाही, असं तिच्या वडिलांनी, आबांनी, बजावलं होतं.

"तुम्ही कोण?"

"राघव गर्दे. टोपी बाजारात आमचं बटणं-लेसचं दुकान आहे. म्हणजे... 'बटणवाला'."

बटणवाला – तिच्या प्रत्येक व्हिडिओखाली भांडणारा. तो कुणी चिडका, रिटायर्ड गृहस्थ असेल असं तिला वाटायचं. समोर तर हसताना खळी पडणारा मुलगा होता.

"जॉर्जियाला पहिला नंबर? सच्ची?" तो म्हणाला. "पन्नाशीची बाई, एक ढोल, आणि कुणाला न कळणारी भाषा. सगळं जग स्वीडन म्हणतंय."

"म्हणू दे. त्या बाईचं गाणं ऐकताना माझी पोळी तव्यावर जळली. स्वीडनच्या गाण्यात सगळ्या पोळ्या नीट झाल्या."

तो हसत सुटला. ती फ्रेम सारखी करायला वाकली आणि त्याची पापणी तिच्या बोटाला हलकेच लागली... तिनं बोट काढायला जरा उशीरच केला.

मंगळवारी तो फ्रेम घ्यायला आला. बुधवारी दांडी टोचते म्हणून. गुरुवारी नुसताच.

"आज काय?"

"आज... मतलब, नॉर्वेबद्दल विचारायचं होतं."

शुक्रवारी तिच्या शेवटच्या अंदाजाखाली शेकडो टोमणे जमले. ग्वालियर की लड़की और यूरोप का ज्ञान? पहले मुँह तो दिखा. ती ते वाचत होती तेव्हा राघव समोर होता.

"स्वीडन टाका वर, गप्प बसतील," तो म्हणाला.

"तुम्हीही तेच म्हणताय?"

"मी भांडतो कारण तुम्ही उत्तर देता. यांना उत्तर नकोच आहे."

दुर्गानं फोन पालथा ठेवला. "मग उद्या माझ्यासमोर बसून भांडा. चेहरा दाखवून."

"आणि आबा? त्यांची बंदी आहे, असं काल म्हणालात ना?"

"आबांशी मी बोलेन."

शनिवारी दुपारी, फायनलच्या आधी, दुकानाच्या मागच्या खोलीत लाइव्ह सुरू झालं. तिनं कॅमेऱ्याची काच दोनदा पुसली. राघवनं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "मी दुर्गा फाळके, ग्वाल्हेरची," ती म्हणाली, "आणि माझा पहिला नंबर जॉर्जिया." मग तासभर दोघं असे भांडले की टोमणे मारणारेही ऐकत राहिले.

संध्याकाळी तिनं आबांना व्हिडिओ स्वतःच दाखवला. आबा पूर्ण व्हिडिओभर बसले आणि न जेवता उठले.

रविवारी सकाळी निकाल कळला. स्वीडन पहिलं, जॉर्जिया नववं. दुकान उघडताच राघव आला, तोंड पाडून.

"जिंकलात की," ती म्हणाली.

"बिलकुल मजा नाही आली. मी ऑनलाइन मतही तिलाच दिलं होतं... त्या बाईला."

"काय?"

तो उत्तर देणार, तोच दार ढकलून आबा आत आले.

"नववा नंबर आला म्हणे," ते म्हणाले. "एवढ्यासाठी तोंड दाखवलंस जगाला?"

"हो, आबा. अंदाज चुकला, गाणं नाही चुकलं. पुढच्या वर्षीही दाखवीन."

आबांची नजर राघवकडे गेली. "कालचा भांडखोर हाच ना? हा इथे काय करतोय?"

"मी... ती दांडी जरा..." राघव पुटपुटला.

"दांडी ठीक आहे त्यांची," दुर्गा म्हणाली. "हे राघव गर्दे. माझं एकही मत यांना पटत नाही. आणि मला हे आवडतात, आबा. त्यांना सांगितलेलं नाही, आत्ताच ऐकताहेत."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजून थांबला. आबा तपासणीच्या खुर्चीत जडपणे बसले.

"मी हो म्हटलेलं नाही," ते म्हणाले. मग राघवकडे वळले. "तुझं काय म्हणणं आहे रे? की यातही वाद घालणार?"

राघवचे कान लाल झाले होते. त्यानं दुर्गाकडे पाहिलं आणि नजर हटवली नाही.

"नाही," तो म्हणाला. "यात... नाही घालणार."