शनिवारचं पत्र

त्याच्या दुकानात मी शिरले ती प्रार्थनामंदिर समजून.

पावसाची भुरभुर होती. हातातला नकाशा भिजून लगदा झाला होता आणि आमच्या संघातले बाकीचे दहाजण कुठल्या वळणावर सुटले ते कळलं नव्हतं. एका दाराशी पाच-सहा लाकडी क्रूस भिंतीला टेकवून उभे दिसले. मनात म्हटलं, सापडलं बाई एकदाचं! चपला दाराशी काढल्या, आत जाऊन हात जोडले, डोळे मिटले.

“प्रभू, सुखरूप आणलंस...”

“अजून आणलं नाही,” समोरून आवाज आला. “प्रार्थनेची जागा दोन गल्ल्या पुढे. इथे लोक येतात ते माप द्यायला.”

डोळे उघडले. एका लांबट पेटीवर वाकून रंधा मारणारा तरुण, दाढीत भुसा अडकलेला. पेटी कसली हे कळायला मला क्षणभर लागलं... आणि ती शवपेटी आहे हे कळलं तशी मी मागे सरकून उभ्या फळ्यांवर आदळले.

“घाबरू नका, रिकामी आहे.”

“मी घाबरले नाही.”

“मग डावी चप्पल उजव्या पायात का घालताय?”

असा तो पहिल्यांदा भेटला.

आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचा तरुण संघ दर वर्षी कुठेतरी आठ आठवड्यांच्या सेवादौऱ्यावर जायचा. त्या वर्षी आम्हाला या गावात पाठवलं. आदल्या वर्षी नदी गावात शिरली होती. ओसरताना ती माणसं, गुरं आणि मंडळीच्या शाळेतले सगळे बाक घेऊन गेली. आम्ही साठ बाक करून द्यायचे, असं ठरलं होतं. आमच्यात दोन नर्सिंगच्या मुली, एक शिंपीण, एक बँकेतला, बाकीचे शिकणारे. आयुष्यात खिळा ठोकलेला एकही नाही. म्हणून तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी शिकवायला एक सुतार आणला. आणला तो नेमका तोच. सगळे त्याला मिस्त्री म्हणत.

माझा पहिला बाक त्याने चारी बाजूंनी फिरून बघितला.

“हा बाक की बकरी?”

“का?”

“चार पाय चार दिशांना. पोरगं बसलं की पळत सुटेल.”

सगळे हसले. मला राग आला, आणि रागाबरोबर आणखीही काहीतरी आलं, त्याला तेव्हा नाव नव्हतं.

माझ्याजवळ कायम एक वही असे, म्हणून त्याने माझं नाव कारकूनबाई ठेवलं. वहीचं कारण म्हणजे आमच्या संघाचा नियम. दर शनिवारी आमच्या गावच्या मंडळीला प्रार्थनापत्र जायचं. रविवारी उपासनेत ते मोठ्याने वाचलं जायचं आणि मंडळीतली बेचाळीस घरं आठवडाभर त्यावर प्रार्थना करायची. माझं अक्षर वळणदार, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या शनिवारी मी लिहिलं की सात बाक झाले, दोघांना ताप आहे, ऊन पडत नाही. आमच्या प्रमुखांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणायचो, त्यांनी ते वाचलं आणि मला परत दिलं.

“बाकांसाठी कोण गं गुडघे टेकणार? माणूस लिही. एक माणूस, त्याचं दुःख. मग बघ.”

मी माणूस शोधू लागले. खरं तर तो रोज समोरच होता.

दुपारी बाकीचे विश्रांती घेत तेव्हा मी पॉलिशपेपर घेऊन त्याच्या दुकानात बसायची. कौलांवर पाऊस टपटपत असे, फळ्या चिकटवायच्या सरसाचं भांडं चुलीवर रटरटत असे, आणि आम्ही दोघं दोन टोकांना बसून एकच फळी घासायचो. टोकांकडून मधे येता येता हात भेटायचे... मग कुणीतरी एकजण पुन्हा टोकाला जायचा. बहुतेक वेळा मीच.

“हात द्या,” एकदा तो म्हणाला.

“कशाला?”

“कुसळ गेलंय बोटात. ते काढतो. लग्न नाही लावत.”

“मी कुठे काय म्हटलं?”

“कान लाल झाले तुमचे. ते म्हणाले.”

कुसळ निघालं तरी त्याने हात लगेच सोडला नाही. त्या दिवसानंतर कधीतरी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं.

तो उपासनेला मात्र येत नसे. त्याची आई यायची. शांत, किरकोळ बाई, पुढच्या बाकावर बसून सगळी गीतं पाठ म्हणणारी. उपासना संपली की ती कबरस्तानात जायची आणि एका लहान कबरीवरचं गवत तास-तासभर उपटत बसायची. मिस्त्री फाटकाशी उभा. आत कधी नाही.

“आत का जात नाहीस?” पाचव्या आठवड्यात मी विचारलं.

त्याने रंधा खाली ठेवला. दार लोटून घेतलं.

“धाकटी होती माझी. अकरा वर्षांची. पाणी आलं तेव्हा शाळेत होती. नऊ दिवस शोधलं आम्ही. आई नदीकाठी बसून. खात नाही, झोपत नाही, दिसेल त्या चिंधीकडे धावते. दहाव्या दिवशी मी सांगितलं, सापडली. बघण्यासारखी राहिली नाही म्हटलं. पेटी केली, खिळे मारून बंद केली, आणि तशीच पुरली.”

“मग...?”

“आत ती नाहीये. दप्तर आहे तिचं, तेवढंच सापडलं. आणि वाळू. तिच्या वजनाइतकी, तराजूत तोलून घातली. खांदा देणाऱ्यांना कळू नये म्हणून.” त्याने मांडीवरचा भुसा झटकला. “आईला बसायला एक जागा हवी होती गं.”

“पाळकसाहेबांना माहीत आहे?”

“त्यांनी वाळूवर प्रार्थना म्हटली आणि मी आमेन म्हणालो. तेव्हापासून मला प्रार्थना म्हणता येत नाही. कुणालाच माहीत नाही हे. आता तुला.”

मी त्याचा हात धरला. बाहेर पाऊस चालूच होता. आम्ही त्या दिवशी एकही फळी घासली नाही.

आणि शनिवारी मी ते लिहिलं.

वाईट हेतू नव्हता, हे आज सांगून काय उपयोग... मला त्याच्यासाठी बेचाळीस घरं गुडघ्यांवर हवी होती. त्याला म्हणता येत नव्हतं ते सगळ्यांनी मिळून म्हणावं, असं वाटलं. नाव लिहिलं नाही, फक्त ‘इथला एक मिस्त्री’ असं लिहिलं, आणि तेवढ्यानेच मला वाटलं की मी त्याचं गुपित जपलं. वाळूसुद्धा लिहिली मी. तराजूसुद्धा. आईला यातलं काही ठाऊक नाही, तेवढं मात्र लिहायचं राहिलं. ताईंनी वाचून डोळे पुसले आणि पाकीट चिकटवलं.

पुढचे दोन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड. एकेचाळीस बाक, पंचेचाळीस, बावन्न.

“शाळेला शिक्षिका हवीय म्हणे वर्षभर,” पॉलिश लावता लावता तो म्हणाला.

“हो, पाळकसाहेब म्हणत होते.”

“अक्षर चांगलं असलेली.”

“असंही म्हणाले?”

“नाही. ते मी म्हणतोय.”

मी फळीवरची नजर उचलली नाही. “आणि राहायचं कुठे शिक्षिकेने?”

“आमच्याकडे एक खोली आहे. पण...” त्याचा ब्रश थांबला. “त्या खोलीत राहायचं तर आधी लग्न करावं लागेल. आई जुन्या विचारांची आहे.”

“आईच ना? तू नाहीस?”

“मी तर त्याहून जुना.”

मी हो म्हणाले. त्याच्या आईने माझ्या गालावरून हात फिरवला आणि त्याच दिवसापासून मला सूनबाई म्हणू लागली. घाई झाली तर होऊ दे, म्हणाली, या घरात चांगली बातमी येऊन फार दिवस झाले.

आठव्या आठवड्याच्या रविवारी उपासनेच्या शेवटी पाळकसाहेबांनी एक जाड पुडकं वर धरलं. दूरच्या मंडळीने आपल्या मिस्त्रीसाठी कार्डं पाठवली आहेत, घरटी एक, बेचाळीस! मिस्त्री आत नव्हताच. पुडकं त्याच्या आईच्या हातात गेलं.

“मला कुठे वाचता येतंय, सूनबाई,” ती आनंदाने म्हणाली. “चल घरी. तूच वाच.”

तिने स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, हात कोरडे केले आणि कार्डांची नीट चळत लावली. पहिली चार बरी होती. आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतो, देव तुझं भलं करो. पाचव्यावर एका म्हातारीचं थरथरतं अक्षर होतं: ‘बाळा, तुझ्या बहिणीची पेटी रिकामी असली तरी ती कुठे आहे हे प्रभूला ठाऊक आहे.’

“वाच ना.”

“बाळा...” मी म्हणाले, “तुझी बहीण प्रभूजवळ सुखात आहे.”

तिने दोन्ही तळव्यांनी डोळे पुसले. “पुढे?”

पुढे वाळू होती. पुढे तराजू होता. बेचाळिसातल्या एकतीस कार्डांवर काही ना काही होतं, आणि मी एकतीस कार्डं मनानेच रचून वाचली.

“किती माया लावतात लोक! काही ठिकाणी अडखळत होतीस, अक्षर वाईट आहे का गं?”

“हो काकू. काहींचं.”

मान वर केली तर दारात मिस्त्री. कधीपासून होता कोण जाणे. त्याने वरचं एक कार्ड उचललं, वाचलं. मग दुसरं.

“बघ रे, किती जणांनी लिहिलंय तुला!”

“हो आई. दुकानात ठेवतो जपून.” त्याने सगळी कार्डं गोळा केली आणि गेला.

मी मागोमाग धावले. तो सरसाच्या चुलीपुढे बसून एकेक कार्ड आत घालत होता.

“वाचताना छान गाळलंस,” तो म्हणाला. “लिहिताना गाळायचं होतंस.”

“मला वाटलं, सगळ्यांनी तुझ्यासाठी...”

“मी मागितलं होतं?”

“नाही.”

“तुला वाटलं, ते लोक आमच्यापासून लांब आहेत. काय लिहिलं तरी इथवर कोण येतंय.” त्याने शेवटचं कार्ड घातलं. “जा आता. आई हाक मारेल.”

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी राहिले असते. त्याचा राग सोसत, शाळेत शिकवत राहिले असते. पण संध्याकाळी ताई हसत आल्या. पुडक्याबरोबर त्यांच्यासाठीही एक पत्र आलं होतं. महिला मंडळाच्या आठ जणी उन्हाळ्यात इथे यायच्या होत्या, त्या आईला भेटायला, तिच्या गळ्यात पडून तिचं सांत्वन करायला.

आईला पेटीतलं काहीच ठाऊक नाही, हे मी ताईंना सांगितलं.

“मीच म्हणाले होते, माणूस लिही,” एवढंच बोलल्या. मग म्हणाल्या, “पत्र पाठवू या का त्यांना?”

“ते पण उपासनेत मोठ्याने वाचतील, ताई.”

पत्राने झालं होतं, ते पत्राने निस्तरणार नव्हतं. घरोघर जाऊन, एकेकाला समोर बसवून सांगावं लागणार होतं, आणि ते सांगणारी मी सोडून दुसरी कोण होती? शाळेची नोकरी मी पाळकसाहेबांना नको म्हणून सांगितलं. कारण सांगता आलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी गाडीपाशी मिस्त्रीची आई आली. माझ्याकडे बघत उभी राहिली.

“राहणार होतीस ना गं?”

“काकू, घरी एक काम...”

“असू दे.” तिने मान फिरवली. “दौऱ्यावरची पोरं तुम्ही. येता, जीव लावता, जाता.”

मला ओरडून सांगावंसं वाटलं की तुमच्यासाठीच जातेय. ते सांगता येणारच नव्हतं. ती भिजत, सावकाश, कबरस्तानाच्या वाटेने निघून गेली.

मिस्त्री माझी पेटी गाडीच्या टपावर बांधत होता. दोरीची गाठ पुन्हा पुन्हा आवळत.

“ताईंनी सांगितलं मला,” तो खाली न बघता म्हणाला. “किती घरं?”

“बेचाळीस.”

“प्रत्येक ठिकाणी बसावं लागेल.”

“चहा घेतल्याशिवाय कुणी सोडत नाही.”

हसू त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथूनच परत गेलं. “मग वर्ष जाईल.”

“जाईल.”

तो खाली उतरला. इतका जवळ उभा राहिला की भुशाचा वास आला.

“माझा राग गेलेला नाही.”

“दिसतोय.”

“जाईल की नाही, तेही सांगता येत नाही.”

गाडीवाल्याने भोंगा वाजवला. आतून पोरांनी हाका मारल्या. मी पायरीवर पाय ठेवला, तेव्हा तो मागून म्हणाला, “पण राग जाण्याची वाट बघू नकोस. घरं संपली की ये.”

मी वळले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की पाऊस, ते मला विचारायचंही नव्हतं. गाडी हलली.

घरी पोचले त्याच दुपारी, सामान न सोडता, मी पहिल्या दाराची कडी वाजवली. पाचवं कार्ड लिहिणाऱ्या म्हातारीने दार उघडलं आणि मला पोटाशी धरलं.

“आलीस पोरी! त्या बिचाऱ्या मिस्त्रीचं कसं आहे गं? रोज त्याच्यासाठी...”

“आजी,” मी म्हणाले, “आत बसू या. मी तुम्हाला एक गोष्ट दिली होती. ती माझी नव्हती. ती परत मागायला आलेय.”