धाप

पोहण्याच्या तलावावरचा गोंगाट थांबला, तेव्हा तिथे पोहणं शिकवणाऱ्या हेमांगी सुतारला आधी बरंच वाटलं होतं. पूर्वी पायऱ्यांवर बसलेले पालक घसा फुटेस्तोवर ओरडत, कुणाचं पोरगं पुढे आलं यावरून हमरीतुमरीवर येत. आता सगळे शांत बसत. प्रत्येकाच्या बरगड्यांखाली कातडीच्या रंगाची एक मऊ श्वासपट्टी चिकटलेली असे.

छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाला ती हलकी स्पंदनं देई, शिवाय मेंदूकडे जाणाऱ्या एका मज्जातंतूला हळूच थोपटत राही. श्वास आपोआप संथ आणि खोल होई. एरवी हे साधायला रोज डोळे मिटून बसावं लागे, आणि तेवढ्यात मन दहा ठिकाणी हिंडून येई. पट्टी लावली की मनाचा प्रश्नच उरत नसे. लोकांचे रक्तदाब उतरले, गोळ्यांशिवाय झोप येऊ लागली. हेमांगीच्या आईचं वर्षानुवर्षं ठणकणारं डोकंसुद्धा शांत झालं.

तरी हेमांगीने पट्टी लावली नाही. का, ते तिला धड सांगता येत नसे. पाण्यात उतरण्याआधी ती मुलांना काठावर बसवून श्वास शिकवायची; आता त्याची गरज उरली नव्हती. आपला संशय म्हणजे नुसता मत्सर तर नव्हे, असंही तिच्या मनात येऊन जाई.

एके दिवशी कस्तुरी चोथे सराव संपवून वर आली. हेमांगीच्या गटातली ही सगळ्यात वेगवान मुलगी. अजून पट्टी न लावलेल्या नव्या मुली कठड्याला धरून धापा टाकत होत्या. कस्तुरीचा चेहरा मात्र आत्ताच झोपेतून उठल्यासारखा होता.

"दमली नाहीस गं?"

"नाही मॅडम. हल्ली मला दम लागतच नाही."

पोरीने हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. 'शाब्बास' हेमांगीच्या ओठांवर आलं, पण तिने कस्तुरीचं मनगट हातात घेतलं. नाडी ताडताड उडत होती. शरीर जिवाच्या आकांताने धावत होतं आणि पोरीला त्याचा पत्ताच नव्हता.

हेमांगीने पट्टी बनवणाऱ्या कंपनीच्या डॉ. मेहेंदळ्यांना फोन लावला. ते उडवाउडवी करतील अशी तिची खात्री होती. त्यांनी मात्र नीट समजावून सांगितलं.

"श्वास कोंडला की जीव कासावीस होतो ना, तो मुख्यतः प्राणवायू संपला म्हणून नव्हे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, मेंदूला ते कळतं आणि तो धोक्याची घंटा वाजवतो. पुष्कळांची ही घंटा कारण नसताना वाजत राहते. त्यातूनच छातीतली ती धडधड, ती भीती. पट्टी घंटेचा आवाज कमी करते."

"कमी करते की बंद करते?"

"पाण्यात उतरताना ती काढून ठेवा," ते म्हणाले. "काढली की सगळं पूर्ववत होतं."

दुसऱ्या दिवशी हेमांगीने एकाही मुलाला पट्टीसह पाण्यात उतरू दिलं नाही. चला, एक घोर मिटला, असं तिला वाटलं.

खोल बाजूला तळाशी रबरी कड्या टाकल्या होत्या. बुडी मारून त्या वर आणायच्या. कस्तुरी खाली गेली. हेमांगी एका मुलीच्या चष्म्याचा पट्टा सारखा करत होती. मान वर करून पाहते तो कस्तुरी तळाशीच. हातात कड्या, केस पाण्यात पसरलेले. हातपाय झाडणं नाही, धडपड नाही. एक बुडबुडासुद्धा वर येत नव्हता.

हेमांगीने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतली. पोरीला काठावर आणलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. हेमांगी तिच्या तोंडात श्वास भरत राहिली आणि मधूनच ओरडली, "अहो, रुग्णवाहिका बोलवा कुणीतरी!"

कुणाची हालचाल ऐकू येईना, म्हणून तिने वर पाहिलं. सगळे पालक पायऱ्यांवर बसून लक्षपूर्वक बघत होते. पुढच्याच पायरीवर कस्तुरीची आई शारदा होती. हात मांडीवर, छाती संथपणे वरखाली होणारी. बऱ्याच वेळाने एक गृहस्थ उठले, त्यांनी नीट चपला घातल्या आणि फोन लावला.

कस्तुरी खोकली, पाणी ओकली. वाचली.

हेमांगीने कळवताच दवाखान्यात डॉ. मेहेंदळे धावत आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "पट्टी काढली तरी मेंदूने ते शिकून घेतलंय," ते म्हणाले. "हे आम्हाला कधी दिसलंच नव्हतं." मेंदू हे परत कधी विसरेल, ते आता शोधावं लागेल, असंही ते म्हणाले. त्या संध्याकाळी हेमांगी आईची पट्टी काढायला गेली, तर आईने तिच्यावर घट्ट हात ठेवला. "डोकं पुन्हा सुरू होईल गं," ती म्हणाली. हेमांगीला तो हात बाजूला करवला नाही.

त्या दिवसापासून तलाव बंदच होता. एका सकाळी शारदा एकटीच फाटकाशी आली.

"मॅडम, माझं लेकरू तळाला होतं. मी बघत होते. मला दिसत होतं ते काय आहे." तिचा आवाज सपाट होता. "मला काहीच वाटलं नाही. पट्टी काढून टाकली मी, तरी वाटत नाही. कस्तुरी घरी आली, तिला जवळ घेतलं, तरी नाही. तुम्ही श्वास शिकवायचा ना? मला शिकवा."

हेमांगीने तिला काठावर शेजारी बसवलं. तिला जन्मभर ठाऊक असलेली विद्या नेमकी उलटी होती: घाबरलेल्याला शांत करायची. तरी ती घंटा वाजते का ते बघायला तिने शारदाला श्वास रोखायला सांगितला आणि स्वतःही रोखला.

थोड्याच वेळात हेमांगीच्या छातीत कालवाकालव सुरू झाली, कानशिलं ठणकली, आणि तिने भसकन श्वास सोडला. शारदा तशीच बसली होती. समोरच्या पाण्याकडे बघत, चेहऱ्यावरची एक रेषही न हलवता. तिच्या नखांवर निळसर छटा चढू लागली.

"सोडा!" हेमांगी ओरडली, "शारदाताई, सोडा आता!"

शारदाने आज्ञाधारकपणे श्वास सोडला आणि तिच्याकडे वळून विचारलं,

"तुम्ही सांगितलंत म्हणून सोडला. मला स्वतःला कधी सोडावासा वाटायला हवा होता?"