मिरजेहून आलेली चित्रं

मासिकात कथेच्या आधी चित्र तयार होतं, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. छपाईचा ब्लॉक करायला वेळ जातो, म्हणून संपादक आधी गोषवारा मागतात. मी तो पोस्टकार्डावर लिहून थेट मिरजेला, चित्रकार जिजाबाईंना पाठवायचो. चित्र झालं की त्याची एक नक्कल त्या मला धाडायच्या आणि ती समोर ठेवून मी कथा उरकायचो. आमची कधी गाठ पडली नव्हती. त्यांनी वसई पाहिली नव्हती, आणि मला इथल्या होळी गावातली शाळा सोडून मिरजेला जायला सवड नाही, असं मी कळवलं होतं. खरं तर मला सवडच सवड होती.

माझी बायको रोझलिन जाऊन चौदा वर्षं झाली होती. सत्ताविसाव्या वर्षी विषमज्वराने गेली. लग्नाचा एकुलता एक फोटो वाळवीने खाल्ला. मी गणिताचा मास्तर, सूत्रं झोपेतही म्हणेन. पण अठ्ठ्याहत्तर साली एका सकाळी दाढी करताना मला तिचे डोळे काही केल्या आठवेनात. हे सांगायचं तरी कुणाला? त्या दिवशी फार एकटं वाटलं.

त्याच आठवड्यात मी बावखलावर, म्हणजे आमच्या केळीच्या वाडीतल्या तळ्यावर, एक कथा योजली. गोषवाऱ्यात माणूस नव्हतंच. चित्रात मात्र काठावर पाठमोरी बाई होती, चौकड्यांचं लुगडं नेसलेली, उजवा खांदा डाव्याहून बोटभर खाली. रोझलिन लहानपणी चिंचेवरून पडली होती. तिचा खांदा अगदी तसाच होता.

योगायोग असतात, मी वर्गात ते शिकवतोही. तरी पत्र टाकून विचारलं. उत्तर आलं, "सिप्रियन सर, तुमच्या गोषवाऱ्यात बाई नव्हती, खरं आहे. पण तळं काढलं की ती तिथे असते."

पुढच्या चित्रात ती जराशी वळली होती. गालाची कड दिसत होती.

मग मी कथा लिहायचं सोडलं आणि नुसते गोषवारे पाठवत सुटलो, सगळे त्याच तळ्याचे. संपादक वैतागले. वैतागू देत. मला तिचा चेहरा हवा होता, बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. शेवटी लाज सोडून जिजाबाईंना लिहिलं, की त्या बाईचं तोंड काढा.

कार्डावर एकच ओळ आली. "वळली की काढते."

चित्र डिसेंबरात आलं. ती समोर पाहत होती. तेच डोळे. मी पडवीत बसून पोटभर रडलो.

मग नीट पाहिलं. कानशिलाजवळचे केस पिकले होते. ओठांच्या कडेला सुरकुत्या होत्या. बाई चाळिशी उलटलेली दिसत होती. जिथे कुठे होती, तिथे तिचीही चौदा वर्षं गेली होती.

शेजारी राहणारी तिची थोरली बहीण पॉलिन दुपारी भाजी द्यायला आली. मी काही न सांगता चित्र तिच्या हातात दिलं. ती ते दाराच्या उजेडात धरून बराच वेळ उभी राहिली.

"आपली रोझीच ही," ती म्हणाली. "पन हिनं काळं का नेसलंय?"

मी चेहऱ्याखाली पाहिलंच नव्हतं. या वेळी चौकडे नव्हते. जिजाबाईंनी सगळं लुगडं शाईने भरून काढलं होतं.

आमच्या ख्रिस्ती लोकांत बाई असं काळं नवरा गेल्यावर नेसते, वर्षभर.

पॉलिनने चित्र खाली ठेवलं. हळूच माझ्या दंडाला हात लावला.

 मग गार पाण्यात बुडवल्यासारखा तो हात पदराला पुसत राहिली.