ओळीतले नऊ शंख

नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू असताना साडेसातला लाइट गेली, आणि मिरजगावच्या चर्चच्या पायरीवर पोरं अब्राहामकाकांभोवती सरकली. काकांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. आपला भुतांवर विश्वास नाही, हे ते प्रत्येक गोष्टीआधी न चुकता सांगत. त्या दिवशीही सांगितलं. मग म्हणाले, "सॅम्युएल माझाच विद्यार्थी. खोटं रचायला जेवढं डोकं लागतं, तेवढं त्याला नाही. तेव्हा ऐका."

सॅम्युएल सुप्याच्या एका कारखान्यात फिटर. २०२३ साली, नोकरीला वीस वर्षं झाली म्हणून कंपनीने त्याला बायको-मुलीसह सहल दिली. दक्षिणेकडच्या समुद्रातलं एक बेट. नाव काकांनी सांगितलं नाही, नाहीतर पोरं मोबाईलवर शोधत बसली असती. बेटाला कडेकडेने गोल फिरणारा एकच रस्ता होता, बावन्न किलोमीटरचा. सकाळी जेटीवरून भाड्याची गाडी घ्यायची, समुद्र डाव्या हाताला ठेवायचा आणि संध्याकाळी परत जेटीवर यायचं. चुकायला जागाच नाही.

बायको स्टेला आणि लहानगी शॅरन माडांची बनं आणि निळं पाणी बघून हरखल्या होत्या. सॅम्युएलला मात्र एकच काम होतं. त्याची आई केशरबाई फेब्रुवारीत गेली. तिने समुद्र पाहिला नव्हता. पुढच्या दिवाळीत नेतो, पुढच्या दिवाळीत नेतो, असं करत सॅम्युएलने दहा दिवाळ्या घालवल्या. शेवटी दवाखान्यात तीच म्हणाली, "आता मला न्हेऊ नको कुटं. पन माझ्या कबरीवर शंख लाव. पाळकबाईंच्या कबरीवर हायेत तसे."

दोन नोव्हेंबरला आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो. त्याच्या आत शंख हवे होते. इकडे गवंड्याने वाट न बघता कबरीचा गिलावा आधीच उरकून टाकला होता. त्यावरूनही सॅम्युएल धुसफुसत होता. म्हणाला, वरून चिकटवू.

एकतीस ऑक्टोबर, मंगळवार. त्या दिवशी त्याच्या मनासारखं काहीच घडेना. गाडीचा एसी गरम हवा फेकत होता. दर वळणावर स्टेलाला फोटो हवा. जिथे उतरावं तिथे काळे खडक, नाहीतर हॉटेलने झाडून घेतलेली वाळू. दुकानात शंख होते, पण वार्निश मारलेले, डोळे चिकटवून बदकं केलेले. आईच्या कबरीवर बदकं लावू का, म्हणून तो दुकानदारावरच खेकसला.

साडेपाचला, केवड्याच्या बनाखाली, त्याला एकदाचे दिसले. वाळूच्या लहानशा उंचवट्यावर नऊ पांढरे शंख. सगळ्यांत मोठ्याचं टोक तुटलेलं.

"कसे ओळीनं लावलेत बघा," स्टेला म्हणाली.

"लाटांनी लावले असतील."

माणूस मिरजगावचा. तळ्याच्या काठी वाढलेला. समुद्र एवढा मोठा, करत असेल असलंही काही, असं त्याला खरंच वाटलं. त्याने नऊही शंख रुमालात बांधले आणि दिवसभरात पहिल्यांदा हसला.

शेवटची बोट आठची. सात वाजून दहा मिनिटांनी गाडीच्या दिव्याच्या उजेडात मैलाचा दगड दिसला. जेटी, सहा किलोमीटर. शॅरन मागे झोपली होती. वळण आलं. पूल आला. मग केवड्याचं बन.

सॅम्युएलने गाडी तशीच पुढे दामटली. केवडा काय, कुठेही असतो.

पुन्हा दगड. जेटी, सहा किलोमीटर. वळण. पूल. केवडा.

"नगरात तुम्हाला दिल्ली गेटातनं नीट बाहेर पडता येत नाही," स्टेला म्हणाली. "आणि इथं तर एकच रस्ता आहे."

"एकच आहे ना? मग मी काय चुकणार?" त्याने स्टिअरिंगवर हात आपटला. बोट चुकली की विमान चुकणार. विमान चुकलं की दोन तारीख. आईला दिलेला शब्द अकराव्यांदा मोडणार.

पुन्हा दगड. सहा. घड्याळात अजून सात दहाच. पेट्रोलचा काटा हलला नव्हता.

वळण.

या वेळी केवड्याखाली कुणीतरी बसलं होतं. पाठमोरी म्हातारी. ती वाळू चाचपत होती. एका जागी हात. मग पुढच्या जागी. मग पुढच्या...

"मोजतायत त्या," स्टेला हळूच म्हणाली. "आपण शंख उचलले, ती कबर होती हो."

सॅम्युएल उतरला. म्हातारी दिसेना. वाळूत नऊ खळगे मात्र दिसत होते. त्याने शंख ठेवले. एक, दोन... आठ. नववा, तुटक्या टोकाचा, त्याने खिशात टाकला. एक तरी आईला.

गाडी निघाली.

दगड. सहा. वळण. पूल.

ती रस्त्याच्या मधोमध बसली होती. पाठमोरीच. तळहात मागे केलेला...

सॅम्युएल गाडीतून उतरला. त्याला रडू येत होतं, भीतीपेक्षा रागाने जास्त. एवढं लहान काम, तेही जमू नये. तो पुटपुटला, "माझ्या आईनं मागितला होता." तळहात हलला नाही. त्याने शंख त्यावर ठेवला. हात बर्फासारखा गार होता, आणि त्याच्या आईच्या हातासारखाच खरखरीत.

मग बोटीचा भोंगा ऐकू आला. अगदी जवळून. आठला पाच कमी होते.

काका थांबले. कुणीतरी विचारलं, मग कबरीवर काय लावलं?

काहीच नाही, काका म्हणाले. दोन नोव्हेंबरला सॅम्युएल रिकाम्या हाताने आला. अंधार पडला होता. काका स्वतः मेणबत्ती धरून शेजारी उभे होते. सॅम्युएल खाली वाकला, आणि तसाच राहिला.

उशाकडे, पंधरा दिवसांपूर्वी वाळलेल्या सिमेंटमध्ये, एक शंख पक्का बसलेला होता. टोक तुटलेलं. त्याने नखाने उचकटून पाहिला. हलला नाही.

"मी हात लावला," काका म्हणाले. "त्या साली इकडे पाऊसही धड झाला नव्हता. पण शंख..."

पोरं आणखी जवळ सरकली.

"ओला होता."