माणिकरावचा हुंकार

सिताराम परभणीच्या एसटी स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारायचा. आवाज असा ठणठणीत, की बाकावर घोरणारा माणूसही पिशवी उचलून उभा राहायचा. त्याच्याच गावच्या, सोनपेठच्या माणिकराव देशमुखाला मोटारींच्या शर्यतीचं वेड. त्यानं एकदा स्टँडवर तो आवाज ऐकला आणि म्हणाला, नोकरी सोड, शर्यतीत माझ्या शेजारी बस. आता सांगा, कोण ऐकेल असलं? सितारामनं ऐकलं. पुणे, नाशिक, म्हैसूर करत सात वर्षं त्याच कामावर त्याचं घर चाललं.

काम सांगायला सोपं. आधी रस्ता सावकाश बघून वळण न् वळण वहीत उतरवायचं: शंभर मीटर, डावं तीन, पन्नास, उजवं दोन, पूल. आकडा जितका लहान, तितकं वळण अवघड. मग शर्यतीत मान खाली घालून ते वाचत जायचं. वर बघायचं नाही. ओळ हुकली की दोघंही खड्ड्यात. धुरळ्यात माणिकरावला रस्ता दिसायचाच नाही, तो सितारामच्या आवाजावर वळायचा. गावात विद्यापीठाच्या नामांतरावरून देशमुखांची आणि सितारामच्या बौद्धवाड्याची तोंडं फिरलेली, पण गाडीत माणिकराव सितारामच्या शब्दाबाहेर जात नसे. प्रत्येक ओळीला हेल्मेटच्या तारेतून त्याचं "हं" यायचं. ते आलं की पुढची ओळ.

शहाऐंशीच्या मे महिन्यात येलदरीकडं शर्यत होती. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अठरा किलोमीटरचा पहिला टप्पा. सातव्या किलोमीटरला सितारामनं वाचलं, "साठ, उजवं एक, उतार." हं आलं नाही.

हं आलं नाही तर पुन्हा वाचायचं, असं ठरलेलं. त्यानं पुन्हा वाचलं. इंजिनाचा आवाज तेवढा कानात. मान वर करावी असं त्याला फार वाटलं, पण वर बघितलं की ओळ गेली. त्यानं तिसऱ्यांदा वाचलं.

"...हं."

आवाज माणिकरावचाच, पण लांबून आल्यासारखा. गाडी अचूक वळली. वळणं सितारामला कमरेतून कळायची. पुढच्या अकरा किलोमीटरात एकही चुकलं नाही. धुरळ्याच्या वासात मधेच भाजत्या भाकरीचा वास यायचा. त्या माळावर कुठली आली भाकरी?

शेवटची ओळ वाचून त्यानं वही मिटली. गाडी हळूहळू थांबली, तेव्हा त्यानं शेजारी पाहिलं. माणिकराव ताठ बसलेला, डोळे उघडे, हात स्टेअरिंगवर. हात थंडगार होते.

डॉक्टर म्हणाले, काळीज बंद पडलं, जाऊन बराच वेळ झालाय. सिताराम म्हणाला, साहेब, आत्ता तर बोलत होते. डॉक्टरांनी त्याला सावलीत बसवून पाणी दिलं.

तेरावा झाल्यावर सिताराम वही काखेत मारून नर्मदाबाईंकडं, माणिकरावच्या आईकडं गेला. त्याच्या जिवाला एकच डाचत होतं: तेव्हाच वर बघितलं असतं, गाडी थांबवली असती, तर माणूस हाती लागला असता. ते त्यानं म्हातारीला सांगून टाकलं आणि ढसाढसा रडला.

म्हातारी हळूच बोलली.

"त्या दुपारी मी भाकऱ्या थापायले होते. माणिक आला. उंबऱ्यात बसला, डोस्क्यावर ते हेल्मेट तसंच. म्हणलं, जेव. तर हातानंच मला गप केलं. म्हणला, थांब माय, सिताराम सांगायलाय..."

सिताराम रडायचा थांबला.

"घडीघडीला हं म्हणायचा. मग यकदम इकडंतिकडं बघितलं, आन उठून गेला." तिच्या नजरेत राग नव्हता. "तू कामून थांबलास रे?"

टप्पा संपला होता, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यानं काखेतली वही मांडीवर घेतली.

"वहीत अजून काई उरलंय का?"

"दुसऱ्या टप्प्याचं हाय, माय. आमी तिथवर गेलोच न्हाई."

"मग आत ये."

सात वर्षांत तिनं त्याला चहा दिला तो ओट्यावरच. आज तिनं चुलीपाशी पाट मांडला, आणि उंबरा मोकळा सोडून स्वतः भिंतीला टेकून बसली.

सितारामनं वही उघडली.

"शंभर... डावं तीन..."

उंबऱ्याकडून हं आलं.

पानं बारा उरली होती. सिताराम फार सावकाश वाचू लागला.